वर्षानुवर्षं घडवलेला छोटा मल्टिप्लेयर गेम बाजारात तरेल का?

एकट्याने खेळायचा गेम किती चालला, हे विकल्या गेलेल्या प्रतींवरून कळतं. हजार जणांनी तो घेतला आणि हजार वेगवेगळ्या दिवशी खेळला, तरी प्रत्येकाला पूर्ण गेम मिळतो. मल्टिप्लेयरचं तसं नाही. हजार जणांनी विकत घेतलेला गेम या क्षणी सातच जणांनी उघडला असेल आणि सामन्याला दहा जण लागत असतील, तर त्या सातांपैकी एकालाही खेळता येत नाही. छोटे मल्टिप्लेयर गेम बहुतेकदा इथेच बुडतात. गिऱ्हाईक असतं, पण एकाच वेळी हजर नसतं.

म्हणून ‘हा गेम चालेल का’ हा प्रश्न किमतीपासून किंवा जाहिरातीपासून सुरू करू नये. आधी एक आकडा कागदावर लिहावा: एक सामना रंगायला कमीत कमी किती माणसं लागतात? पुढचं जवळजवळ सगळं गणित या आकड्यावर उभं राहतं.

हजेरीचा हिशेब

समजा 10,000 प्रती विकल्या गेल्या. मोजक्यांच्या आवडीच्या गेमसाठी ही वाईट विक्री नव्हे. सुरुवातीची गर्दी ओसरल्यावर यातले 4 टक्के लोक रोज खेळतात असं धरू, म्हणजे 400 जण. प्रत्येक जण सरासरी दीड तास खेळतो. दिवसाचे 600 खेळाडू-तास झाले. त्यांना 24 ने भागलं की कोणत्याही क्षणी सरासरी 25 जण हजर असतात. भर गर्दीच्या वेळी ते 50 होतील, सामसुमीला आठ-दहावर येतील. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत. आपल्या चाचण्यांमधून मिळालेले आकडे त्यांच्या जागी टाकले की आपलं उत्तर निघतं.

आता गर्दीच्या वेळचे ते 50 जण घेऊ. युरोपात संध्याकाळ आहे, तिथे 28 जण. अमेरिकेत दिवस आहे, तिथे 14. आशियात रात्र सरत आलीय, तिथे 8. गेम पाच विरुद्ध पाच असा आहे. युरोपात दोन सामने लागले आणि आठ जण ताटकळत राहिले. अमेरिकेत एक सामना, चौघे बाहेर. आशियात एकही नाही. त्यात डेव्हलपरने ‘रँक्ड’ (जिंकण्या-हरण्यावर क्रमवारी ठरणारा) आणि ‘साधा’ अशा, सामन्यासाठी थांबायच्या दोन रांगा ठेवल्या आणि खेळाडू निम्मेनिम्मे वाटले गेले, तर अमेरिकेतल्या 14 चे सात-सात होतात आणि तिथलाही सामना बंद पडतो. एका जादा बटणाने अख्खा खंड रिकामा होतो.

सगळ्यांना एकाच रांगेत का घालू नये? याचं उत्तर गेमच्या जातीवर अवलंबून आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. सामना चालवणारा मधला संगणक, म्हणजे सर्व्हर, 6,000 किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 60 मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ रेषेत नसते आणि वाटेत राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात 90 ते 100 धरावेत. सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या मारामारीच्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची असते, म्हणजे सहा फ्रेमचा उशीर. तो हाताला जाणवतो. आळीपाळीने चाल करायच्या गेममध्ये अर्ध्या सेकंदाचा उशीरही कुणाला खटकत नाही. तेव्हा सावकाश चालीच्या गेमला जगभरची एकच रांग परवडते आणि चपळ गेमला खेळाडू विभागून द्यावे लागतात. चपळ गेम करणाऱ्यांनी हे पहिल्याच वर्षी लक्षात घ्यायला हवं.

रिकाम्या रांगेचा फटका लगेच विक्रीला बसतो. स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. वीस मिनिटं रांगेत बसूनही सामना न मिळालेला माणूस पैसे परत मागतो, आणि जाताना ‘इथे कुणी नाही’ असा अभिप्राय लिहून जातो. एकाच वेळी किती जण खेळताहेत हा आकडा स्टीमवर सगळ्यांना दिसतो. मग घ्यायला आलेला माणूस तो आकडा बघून थबकतो, आणि तो न आल्यामुळे आकडा आणखी घटतो. एकट्याने खेळायच्या गेमला हा धोका नाही. तिथे हजेरी दोनवर आली तरी गेमची चव तीच राहते.

दहाऐवजी दोघांवर चालेल असा गेम

मग करायचं काय? खेळाडू वाढवणं आपल्या हातात फारसं नसतं. लागणारी माणसं कमी करणं मात्र पूर्णपणे हातात असतं, आणि छोट्या संघाने आपली बहुतेक ताकद इथेच लावावी.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण स्टनलॉक स्टुडिओज या स्वीडिश संघाचं आहे. 2011 मध्ये त्यांनी ब्लडलाइन चॅम्पियन्स काढला, नंतर त्याच धर्तीचा बॅटलराइट. वरून दिसणारं मैदान, दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन, आणि कौशल्याला भरपूर वाव असलेली लढाई. बॅटलराइट 2016 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला, 2017 च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाला आणि फुकट केला गेला. लढाईचं कौतुक झालं, पण खेळाडू टिकले नाहीत, आणि 2019 मध्ये त्यावरचं मोठं काम थांबलं. मग 2022 च्या मे महिन्यात त्याच संघाचा व्ही रायझिंग अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख प्रती खपल्या. लढाईचा बाज बराचसा जुनाच आहे, पण हा गेम एकट्याने खेळता येतो, चार मित्रांनी खेळता येतो, आणि सर्व्हर स्वतःचा मांडता येतो. समोर अनोळखी, आपल्याच ताकदीचा आणि याच मिनिटाला मोकळा असलेला खेळाडू असायलाच हवा, अशी अट राहिली नाही. त्याच्या यशामागे ही एकच गोष्ट होती असं कुणी म्हणू नये. जगण्याची धडपड आणि बांधकाम असलेल्या गेमना तेव्हा मागणीही होती. पण अट निघाल्याने मोठा धोका टळला, एवढं नक्की.

डीप रॉक गॅलॅक्टिक हा चौघांनी मिळून खेळायचा गेम. एकटा आलात तर सोबतीला ड्रोन मिळतो, दुसरा कुणी मध्येच येऊन सामील होऊ शकतो. बॅरोट्रॉमामध्ये पाणबुडीवर सोळा जण असू शकतात, पण रिकाम्या जागा बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, भरून काढतात. वाल्हाइम 2021 च्या फेब्रुवारीत पाच जणांच्या संघाने आणला. एक ते दहा कितीही जणांनी खेळा, जग मात्र तेच.

गेम खरोखरच दोन गटांच्या झुंजीचा असेल, तरी करण्यासारखं बरंच उरतं. रांग एकच ठेवावी. रँक्ड रांग तेव्हाच उघडावी, जेव्हा साध्या रांगेतला थांबण्याचा वेळ सातत्याने दोन मिनिटांच्या आत राहील. सामना दोघांनी सुरू व्हावा आणि येणारे मध्येच सामील व्हावेत, म्हणजे थांबण्याची वेळही खेळण्यात जाते. रिकाम्या जागी बॉट टाकावेत, पण ते बॉट आहेत हे स्पष्ट दाखवावं. लपवलेलं उघडं पडलं की खेळाडूंचा विश्वास कायमचा जातो. चांगला बॉट लिहायला अनेक महिने लागतात, त्यामुळे त्याचं काम शेवटच्या वर्षावर ढकलू नये. पाच-सहा अंकी कोड देऊन मित्रांना खोलीत बोलावता यावं. आणि ठरलेल्या वेळा जाहीर कराव्यात: जगाच्या प्रत्येक विभागासाठी आठवड्यातले दोन दिवस, संध्याकाळचे दोन तास. चोवीस तासांत पसरलेले 400 जण जवळजवळ अदृश्य असतात. त्यातले 120 जण एकाच तासाला आले, तर तोच गेम गजबजलेला वाटतो. ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे, आणि तरी ती फार थोडे लोक शिस्तीने वापरतात.

मित्राला ओढून आणण्याची सोय गेममध्येच असणं हा आणखी एक उपाय. ‘इट टेक्स टू’मध्ये एकाने गेम घेतला की दुसरा फ्रेंड्स पास वापरून फुकट सोबत खेळतो. दोघांपैकी एकाने पैसे दिले म्हणजे विक्री अर्धी झाली, असा हिशेब करू नये. त्या पासाशिवाय अनेकदा दोघांपैकी एकानेही गेम घेतला नसता.

पैशांचा हिशेब

गेमची किंमत 15 डॉलर ठेवली, म्हणून प्रत्येक प्रतीमागे 15 डॉलर येत नाहीत. सवलती आणि देशागणिक वेगळ्या किमती धरल्या की सरासरी 10 डॉलरवर येते असं मानू. परतावे आणि विक्रीकर वजा जाता 8. स्टीम त्यातले 30 टक्के घेतं. हा वाटा 25 टक्के होतो तो 1 कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर, त्यामुळे छोट्या संघाने तो विचार सोडून द्यावा. हातात उरले 5.60 डॉलर. 10,000 प्रतींचे 56,000 डॉलर, त्यावरचा आयकर वेगळा.

तिघे जण सहा वर्षं राबले आणि प्रत्येकाचा महिन्याचा खर्च 2,000 डॉलर धरला, तर खर्च 4,32,000 डॉलर. तो भरून यायला सुमारे 77,000 प्रती विकाव्या लागतील. हा आकडा बघून छाती दडपते आणि चर्चा तिथेच थांबते. पण इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. ‘हे सुरू करायला हवं होतं का’ याचं उत्तर 77,000 वर ठरतं. ‘हे पूर्ण करावं का’ याचं उत्तर मात्र पुढच्या खर्चावर ठरतं. आणखी एक वर्ष लागणार असेल तर 72,000 डॉलर, म्हणजे जेमतेम 13,000 प्रती. गेलेली वर्षं दोन्ही बाजूंनी फसवतात. ‘एवढं केलंय तर आता सोडायचं कसं’ हा विचार जितका चुकीचा, तितकाच ‘एवढं भरून येणारच नाही, मग पूर्ण कशाला करा’ हाही. मात्र ‘आणखी एक वर्ष’ हे सलग तिसऱ्यांदा म्हटलं जात असेल, तर 72,000 च्या जागी खरा आकडा लिहावा.

गेम फुकट ठेवून टोप्या-पोशाख विकण्याचा मार्ग मोहक वाटतो, कारण त्याने हजेरीचा प्रश्न सुटेल असं दिसतं. पण तिथे पैसे देणारे थोडेच असतात, म्हणून पायाला फार मोठी गर्दी लागते, आणि विकायला सतत नवा माल लागतो. तीन जणांचा संघ तो पुरवत बसला की मूळ गेमचं काम थांबतं. मोजक्यांच्या गेमला एकदाच घेतलेली रास्त किंमत, आणि जमल्यास फुकट डेमो, हे बहुधा जास्त झेपतं. डेमोवाले आणि विकत घेतलेले एकाच रांगेत येतील हे मात्र पाहावं. दोघांसाठी वेगळे सर्व्हर ठेवले तर डेमोची अर्धी उपयुक्तता गेली.

सर्व्हरच्या खर्चाबद्दल लोक चुकीच्या ठिकाणी घाबरतात. दहा जणांच्या सामन्यात सर्व्हर प्रत्येकाला सेकंदाला 30 वेळा 200 बाइट पाठवत असेल, तर तासाला सुमारे 216 एमबी जातात. हे फार नाही. जड जातं ते दुसरंच: एकदाच घेतलेल्या पैशांवर दरमहा चालणारं यंत्र पोसणं, आणि रात्री ते बंद पडलं तर उठणारा माणूस ठेवणं. बोसा स्टुडिओजचा वर्ल्ड्स अड्रिफ्ट हा तरंगत्या बेटांचा, सतत चालू राहणारा ऑनलाइन गेम होता. 2018 च्या मेमध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि 2019 च्या जुलैअखेर बंद झाला, कारण तो चालवणं आर्थिकदृष्ट्या परवडेना. सगळे खेळाडू गेले तरी जग चालूच ठेवावं लागतं, अशी रचना छोट्या संघाने घेऊच नये. यजमान खेळाडूच्या संगणकावर सामना चालवणं, स्टीम आपल्या गेमना देतं ती फुकट रिले सेवा (खेळाडूंमधली माहिती मधल्या सर्व्हरमधून पोचवणारी) वापरणं, आणि हौशी खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर मांडू देणं, या तिन्हींचा मासिक खर्च जवळजवळ शून्य असतो. त्यांच्या अडचणीही आहेत. यजमान उठून गेला तर सामना मोडतो, आणि यजमानाला फसवणूक करणं सोपं जातं. बक्षिसांच्या स्पर्धा असलेल्या गेमला हे चालणार नाही. मित्रांनी मिळून खेळायच्या गेमला चालतं.

खर्च कमी असण्याचा फायदा अमंग असमध्ये दिसतो. 2018 च्या जूनमध्ये तो मोबाइलवर आला, वर्षअखेर स्टीमवर. सुरुवातीला एकाच ठिकाणी जमलेल्या मित्रांनी खेळायचा गेम होता, ऑनलाइन सोय नंतर जोडली. दोन वर्षं त्याचे खेळाडू थोडेच होते. 2020 मध्ये खेळतानाचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या स्ट्रीमर लोकांनी तो उचलला आणि तो जगभर पसरला. अशा लाटेची योजना कुणी आखू शकत नाही. पण तीन जणांच्या संघाला तो दोन वर्षं चालू ठेवणं परवडलं, म्हणून लाट आली तेव्हा गेम जागेवर होता.

लांबलेल्या कामाने काय मिळतं, काय बिघडतं

प्रोजेक्ट झोम्बॉइड 2013 मध्ये स्टीमच्या अर्ली ॲक्सेसमध्ये आला, आणि त्याआधीही तो दोन वर्षं विकला जात होता. 2021 च्या डिसेंबरमध्ये बिल्ड 41 या आवृत्तीबरोबर सुधारलेलं मल्टिप्लेयर आलं, आणि काही आठवड्यांत एकाच वेळी खेळणारे 60 हजारांच्या पुढे गेले. कारखाना उभारायचा फॅक्टोरिओ 2016 मध्ये स्टीमवर आला, 2020 मध्ये पूर्ण झाला, कधीही सवलतीत विकला गेला नाही, आणि 2022 च्या अखेरीपर्यंत 35 लाख प्रती गेल्या. रॉकेट लीगच्या आधी, 2008 मध्ये, सायऑनिक्सने प्लेस्टेशन 3 वर गाड्यांच्या फुटबॉलचाच एक लांबलचक नावाचा गेम काढला होता, जो फारसा गाजला नाही. सात वर्षांनी तीच कल्पना घासूनपुसून परत आणली आणि प्लेस्टेशन प्लसच्या सभासदांना सुरुवातीला फुकट दिली. त्यामुळे पहिल्याच दिवशी मैदान भरलं.

पहिल्या दोन गेमना लांबलेली वर्षं मानवली, कारण ते एकट्याने पूर्ण खेळता येत होते आणि त्या काळात विकलेही जात होते. बंद दाराआड सात वर्षं घडवलेला आणि फक्त समोर माणूस असतानाच खेळता येणारा गेम ही वेगळी गोष्ट आहे. त्याचं उदाहरण म्हणून फॅक्टोरिओ पुढे करू नये.

लांबलेल्या कामात ठरावीक गोष्टी बिघडतात. पहिली, चाचणी करणारे निष्णात होतात. पाच वर्षं तेच साठ जण खेळत असतील, तर गेमचा तोल त्यांच्या हातांना बसेल असा घडत जातो. नवा माणूस पहिल्या सामन्यात चिरडला जातो आणि परत येत नाही. दर तीन महिन्यांनी गेम कधीच न पाहिलेले वीस जण आणून बसवावेत, एक शब्दही न सांगता त्यांच्याकडे बघावं आणि चार गोष्टी मोजाव्यात: पहिला सामना सुरू व्हायला किती मिनिटं लागली, तो संपल्यावर किती जणांनी दुसरा सुरू केला, दुसऱ्या दिवशी किती आले, आठव्या दिवशी किती. पहिला सामना संपवून निम्मे लोक दुसरा सुरू करत नसतील, तर नव्या नकाशांचं काम थांबवून आधी हे दुरुस्त करावं.

दुसरी गोष्ट नेटकोडची, म्हणजे सगळ्यांच्या पडद्यावर एकच घटना दिसावी यासाठीच्या यंत्रणेची. ती शेवटी जोडता येत नाही. फॅक्टोरिओमध्ये प्रत्येक संगणक संपूर्ण कारखाना स्वतः चालवतो आणि जाळ्यावरून फक्त खेळाडूंच्या कृती जातात. म्हणून लाखो वस्तू फिरत असल्या तरी भार पडत नाही. पण दोन संगणकांच्या हिशेबात कणभर फरक पडला तरी दोन जगं वेगळी होतात, आणि तो फरक शोधायला दिवसच्या दिवस जातात. नेमबाजीत सर्व्हरचा शब्द अंतिम ठेवून खेळाडूच्या पडद्यावर अंदाजाने पुढचं दाखवतात. मारामारीत रोलबॅक वापरतात: प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीचा अंदाज बांधून पुढे जायचं, अंदाज चुकला तर मागे येऊन पुन्हा हिशेब करायचा. त्यासाठीचं जीजीपीओ हे तयार सॉफ्टवेअर 2019 पासून मुक्त परवान्यावर मिळतं. यातली कोणतीही पद्धत निवडली, तरी गेमची अवस्था साठवणं, पुन्हा उभी करणं आणि तंतोतंत तशीच चालवणं पहिल्या दिवसापासून सांभाळावं लागतं. चौथ्या वर्षी ‘आता मल्टिप्लेयर घालू’ म्हटलं, तर निम्मा गेम नव्याने लिहावा लागतो.

तिसरी, विशलिस्ट (पुढे घ्यायच्या गेमची खेळाडूने स्टीमवर केलेली यादी) शिळी होते. पाच वर्षांपूर्वी गेम यादीत टाकणारा माणूस आता तो विसरला आहे. गेम निघाल्याचा आणि 20 टक्के किंवा जास्त सवलतीचा ईमेल स्टीम पाठवतं, पण तो उघडायला नाव आठवावं लागतं. म्हणून गेमचं स्टीमवरचं पान फार लवकर लावलं असेल, तर दर दीड-दोन महिन्यांनी खेळताना दिसणारा खरा, छोटा व्हिडिओ टाकत राहावं.

बाजारात उतरताना

स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे येणाऱ्या गेमच्या डेमोंच्या उत्सवात, एका गेमला एकदाच भाग घेता येतो. तो बाजारात येण्याच्या लगतच्या खेपेला वापरावा, आणि त्याआधी किमान दोन मोठ्या चाचण्या स्टीम प्लेटेस्ट या चाचणीच्या सोयीवर घ्याव्यात. चाचणी आठवडाभर उघडी ठेवू नये. शनिवारी तीन तास उघडावी, म्हणजे रांग भरलेली दिसेल आणि सर्व्हरवरचा खरा ताणही कळेल.

खेळाडूंच्या संख्येचा उंबरठा आधीच लिहून ठेवावा. चार जणांचा सामना, जगाचे तीन विभाग आणि दोन मिनिटांच्या आत खेळ सुरू व्हावा असं ठरवलं, तर प्रत्येक विभागात गर्दीच्या वेळी वीसएक जण हवेत. चाचण्यांमध्ये हे जमत नसेल, तर तारीख पुढे ढकलण्याऐवजी आधी विभाग कमी करावेत, मग सामन्यातली माणसं. विक्रीला सुरुवात झाल्यावर फ्री वीकेंड (शनिवार-रविवार गेम फुकट खेळू देणं) उपयोगी पडतो, पण तो मोठ्या सुधारणेबरोबरच द्यावा, आणि त्या दोन दिवसांत संघातल्या कुणी ना कुणी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आणि गेममध्ये हजर राहावं. नवखा पहिल्या अर्ध्या तासात अडकला की तिथल्या तिथे उत्तर मिळायला हवं.

आणि गेम बंद करण्याची तयारी पहिल्या विक्रीआधी करावी. 2014 च्या मेअखेर गेमस्पाय ही ऑनलाइन सामने शोधून देणारी सेवा बंद झाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या अनेक जुन्या गेमची ऑनलाइन बाजू एका दिवसात गेली, कारण सामने शोधण्याचा पत्ता गेमच्या आत पक्का बसवलेला होता. हे टाळायला तीन गोष्टी पुरतात: सर्व्हरचा प्रोग्राम खेळाडूंना देता येईल असा वेगळा ठेवणं, चालू सामन्यांची यादी देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता साध्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिणं, आणि थेट आयपी पत्ता टाकून जोडण्याची सोय मेनूत ठेवणं. सुरुवातीला केलं तर हे काम आठवडाभराचं आहे, आणि त्याचं वचन विक्रीच्या पानावर लिहिता येतं.